बर्फाचा गोळा कुठे थांबवायचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आइस्क्रीमचा लाकडी पॉट निघायचा. ठेचलेला बर्फ, त्यावर मूठ-मूठ खडेमीठ, आणि मग हात भरून येईपर्यंत आळीपाळीने हँडल फिरवायचं. मिठामुळे बर्फाचं मिश्रण शून्याच्याही बरंच खाली जातं, हे शाळेत कळलं. जेम्स आर्नॉट या ब्रिटिश डॉक्टरने 1850च्या सुमारास अशाच मीठ-बर्फाने स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या गाठी गोठवल्या होत्या, हे मात्र फार उशिरा वाचनात आलं. गाठ बरी व्हायची नाही, पण वेदना आणि रक्तस्राव कमी व्हायचा.

आज प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर गोठवतात तेव्हा मिठाच्या जागी आर्गॉन वायू असतो. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या सुया प्रोस्टेटमध्ये सरकवतात. प्रचंड दाबाखालचा आर्गॉन सुईच्या टोकाशी बारीक छिद्रातून सुटतो, एकदम पसरतो आणि टोक उणे 100 अंशांच्याही खाली नेतो. टोकाभोवती बर्फाचा गोळा वाढत जातो. हेलियमचं उलटं आहे. खोलीच्या तापमानाला तो असा पसरला की तापतो. म्हणून गोठवायला आर्गॉन, वितळवायला हेलियम आणि सुई तीच.

गोठवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. खरी कसरत शेजाऱ्यांना वाचवण्याची. अक्रोडाएवढी ही ग्रंथी अगदी दाटीवाटीत बसलेली असते. तिच्या पोटातून मूत्रमार्ग जातो, वर मूत्राशय, मागे काही मिलिमीटरवर गुदाशयाची भिंत, मागच्या दोन्ही बाजूंना लिंगाला ताठरता देणाऱ्या नसांचे जुडगे आणि खालच्या टोकाला लघवी रोखून धरणारं स्नायूंचं कडं. यातलं काहीही गोठून चालत नाही.

अडचण अशी की बर्फ झाला म्हणजे पेशी मेली असं नाही. आधी पेशींच्या बाहेरचं पाणी गोठतं. उरलेलं पाणी खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं. बऱ्याच पेशी एवढं सोसून जगतात. तापमान उणे 40च्या आसपास गेलं की पेशीच्या आतही बर्फ होतो, बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजतात, आणि मग सुटका नाही. खात्रीसाठी गोठवण्या-वितळवण्याची फेरी दोनदा करतात. पण बर्फाच्या गोळ्याच्या कडेला तापमान असतं शून्याच्या आसपास, आणि उणे 40ची हद्द त्या कडेच्या काही मिलिमीटर आत. म्हणजे प्रोस्टेटच्या कडेला बसलेला कॅन्सर मारायचा तर बर्फ प्रोस्टेटबाहेर, शेजाऱ्याच्या दारापर्यंत न्यावाच लागतो.

1960च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप नायट्रोजनने प्रोस्टेट गोठवायला सुरुवात झाली, तेव्हा ही कड दिसतच नसे. मूत्रमार्गाचं अस्तर सडून गळायचं, कधी गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्यात भोक पडायचं. पद्धत मागे पडली. 1990च्या आसपास गॅरी ओनिक या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने गुदाशयातून सोनोग्राफी करत गोठवायला सुरुवात केली आणि ती परत आली. बर्फावरून ध्वनिलहरी परततात, त्यामुळे पडद्यावर गोळ्याची जवळची कड ठळक पांढरी दिसते आणि तिच्यापलीकडे नुसता अंधार. म्हणून पुढच्या, म्हणजे पोटाकडच्या सुया आधी सुरू करतात. मागच्या आधी सुरू केल्या तर पुढचं सगळं त्या अंधारात जाईल.

मूत्रमार्गासाठीचा उपाय मला फार आवडतो, इतका तो घरगुती आहे. दुहेरी भिंतीची नळी मूत्रमार्गात घालायची आणि तिच्यातून साधारण 40 अंशांचं कोमट सलाईन सतत फिरवत ठेवायचं. बाहेर उणे शंभरीतला बर्फ, मधोमध ही ऊबदार नळी. गोठवणं संपल्यावरही ती काही वेळ चालू ठेवतात, कारण गोळा लगेच विरत नाही. 1990च्या दशकात अमेरिकेत ही नळी काही काळ मिळेनाशी झाली, डॉक्टरांनी दुसऱ्या नळ्यांवर भागवलं, आणि अस्तर गळण्याच्या तक्रारी वाढल्या. कोमट पाण्याची किंमत अशी कळली.

गुदाशयासाठी वेगळी युक्ती. गोठवायच्या जरा आधी प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्या मधल्या पापुद्र्यात सुईने सलाईन सोडतात. दोघांतलं अंतर वाढतं, शिवाय ते पाणी स्वतः गोठायला वेळ घेतं, कारण शून्य अंशाच्या 1 ग्रॅम पाण्याचा बर्फ करायला 80 कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. बर्फाला आधी हा खंदक ओलांडावा लागतो. नसांच्या जुडग्यांपाशी आणि स्नायूंच्या कड्यापाशी तापमान मोजणाऱ्या बारीक सुया रोवलेल्या असतात. आकडा नको तिथे घसरला की आर्गॉन बंद.

पण कोमट नळीला चांगली पेशी आणि वाईट पेशी असा फरक कळत नाही. मूत्रमार्गाभोवती तिने राखलेल्या ऊबेत कॅन्सरची पेशी असली, तर तीही वाचते. नसांचंही तसंच. संपूर्ण प्रोस्टेट गोठवलं तर या नसा बहुधा दुखावतात आणि ताठरता जाते. आपल्याकडे पुरुष हा विषय डॉक्टरांपुढेही काढत नाहीत, बायकोपुढे तर नाहीच. शस्त्रक्रियेआधी तो स्पष्ट विचारायला हवा. कॅन्सर एकाच बाजूला असेल तर काही ठिकाणी तेवढीच बाजू गोठवतात, दुसरीकडचं जुडगं शाबूत ठेवतात. मात्र प्रोस्टेटचा कॅन्सर अनेकदा एकापेक्षा जास्त जागी असतो, म्हणून त्यानंतर पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ततपासणी चालू राहते आणि गरज पडल्यास पुन्हा बायॉप्सी.