मेंदूज्वर : टेस्ट कोणती, आणि तापाच्या कितव्या दिवशी?

ताप आहे, मूल गुंगीत जातंय, झटके येतायत, आणि डॉक्टर म्हणतात पाठीतलं पाणी काढून तपासायचंय, की घरचे हमखास अडून बसतात कारण पाणी काढलं की माणूस अधू होतो असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली ती सुई टोचतात, त्यामुळे ही भीती खरंच सोडून द्या. मेंदूभोवती असतं तेच हे पाणी, म्हणून व्हायरसचा माग तिथेच लागतो.

आता टेस्ट कुठली करायची हे व्हायरसवर ठरतं. हर्पिस नावाच्या व्हायरसचा मेंदूज्वर असेल तर त्या पाण्याची पीसीआर करतात, म्हणजे व्हायरसचा डीएनए शोधतात. पीसीआर यायच्या आधी पक्कं निदान करायला मेंदूचा तुकडा काढावा लागायचा! यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे आणि ते नाही मिळालं तर दहातले सातेक पेशंट दगावतात, म्हणून डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात, आणि तेच बरोबर आहे. पहिल्या दोन-तीन दिवसात पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते, संशय असेल तर काही दिवसांनी परत करतात.

जपानी मेंदूज्वराचं उलटं. लक्षणं दिसेपर्यंत व्हायरस रक्तातून जवळजवळ गेलेला असतो, पीसीआरमध्ये बहुतेक वेळा काही सापडत नाही, म्हणून आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर सुरुवातीला बनवतं ते प्रथिन, एलायझा या टेस्टने बघतात, त्याचे किट पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) बनवते. पण अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, फार लवकर घेतलेलं सॅम्पल निगेटिव्ह येऊ शकतं.

आणि चांदीपुरा व्हायरस, १९६५ मध्ये आपल्या नागपूरजवळ सापडलेला, वाळूमाशीतून पसरणारा. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २०२४ मध्ये गुजरातमध्येही साथ आली. यात मूल एक-दोन दिवसातच जाऊ शकतं, अँटिबॉडीला वेळच मिळत नाही, म्हणून इथे लगेच आरटी-पीसीआरच (व्हायरसचा आरएनए शोधणारी पीसीआर) लागते. खास औषध नाही हे खरं, पण निदान झालं की गावात लगेच फवारणी करता येते, बाकीची मुलं वाचू शकतात.

म्हणून ताप नक्की कधी सुरू झाला ती तारीख डॉक्टरांना सांगा आणि सॅम्पलच्या फॉर्मवर लिहिलीय ना ते बघा, कारण निगेटिव्ह रिपोर्ट कितपत धरायचा हे लॅबला आणि डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.