मधपेट्यांसाठी अर्ज ते मधाची बाटली : मराठवाड्यातील नव्या मधपाळांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि परवाने

मधपेट्यांसाठी अर्ज कधी करायचा, हे आपल्याकडे फुलोऱ्यावरून ठरवावे लागते. तूर नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते. करडई, रब्बी सूर्यफूल आणि मोसंबीचा आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तर बीजोत्पादनाच्या कांद्याचे गोंडे फेब्रुवारी-मार्चमध्ये उमलतात. त्यानंतर शिवार वाळते आणि पारा 42-43 अंशांवर जातो. नवख्या माणसाच्या हाती पहिली वसाहत (राणीसह माश्यांचे बिऱ्हाड) एप्रिलमध्ये पडली, तर माश्यांना खायला फूल नसते आणि पेटी तापते. मग माश्या पेटी सोडून निघून जातात. म्हणून पेट्या दिवाळीच्या आसपास रानात मांडल्या जातील अशा बेताने मागे मोजत या. अर्ज, निवड, बंधपत्र, प्रशिक्षण, पैसे भरणे आणि पेट्यांचा पुरवठा एवढे टप्पे मध्ये आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी कागद जमवायला लागलात तर हंगाम हाती लागतो.

मुख्य योजना : मध केंद्र योजना

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची ही योजना 2019 पासून राज्यभर लागू आहे. मंजूर साहित्याच्या किमतीवर 50 टक्के अनुदान मिळते आणि उरलेले 50 टक्के लाभार्थ्याने घालायचे असतात. अनुदान साहित्याच्या रूपात येते. नगद रक्कम खात्यात पडेल असे समजून हिशेब मांडू नका. समजा मंजूर साहित्य 50,000 रुपयांचे धरले, तर तुमचे 25,000 रुपये तयार हवेत. निवड झाल्यावर ही रक्कम उभी करता न आल्याने अनेकांचे काम अडते. याशिवाय मंडळाकडून हमीभावाने मध खरेदी होते, हा छोट्या मधपाळासाठी मोठा आधार आहे.

अर्ज तीन प्रकारांत होतो आणि प्रकार चुकला की अर्ज बाजूला पडतो. पहिला प्रकार वैयक्तिक मधपाळाचा. वय 18 पूर्ण हवे, लिहिता-वाचता यायला हवे आणि स्वतःची शेती असल्यास प्राधान्य मिळते. पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्याने हाच प्रकार निवडावा. दुसरा केंद्रचालक प्रगतिशील मधपाळ. त्यासाठी किमान दहावी उत्तीर्ण, वय 21 च्या वर आणि स्वतःच्या, कुटुंबातील व्यक्तीच्या नावे किंवा भाडेपट्ट्याने किमान 1 एकर शेती लागते. शिवाय इतरांना शिकवण्याची आणि वसाहती वाढवण्याची क्षमता असावी लागते. तिसरा प्रकार केंद्रचालक संस्थेचा. संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे 1 एकर जमीन आणि किमान 1,000 चौरस फुटांची इमारत हवी. ही इमारत स्वतःची नसेल तर 10 वर्षांच्या भाडेकराराने घेतलेली चालते. बचत गटातल्या महिलांना गटाच्या नावाने या अटी जड जातात. त्यांनी एकेकीने वैयक्तिक अर्ज करून पेट्या एकाच ठिकाणी ठेवणे सोपे पडते.

अर्ज जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांकडे, म्हणजे मंडळाच्या जिल्हा कार्यालयात द्यायचा. काही जिल्ह्यांत हे कार्यालय जिल्हा उद्योग केंद्राच्या आवारात असते. तिथे 'खादी मंडळाचे मध केंद्राचे टेबल' असे स्पष्ट विचारा. खादी ग्रामोद्योग आयोग ही केंद्र सरकारची वेगळी संस्था आहे, तिचे हनी मिशन वेगळे आहे आणि त्या नावांच्या सारखेपणामुळे अर्ज भलतीकडे जातात.

कागद

आधार, जन्मतारखेचा पुरावा, शिक्षणाचा दाखला किंवा गुणपत्रक, सातबारा आणि आठ-अ, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो आणि लागू असेल तर जातीचा दाखला. एवढा संच तयार ठेवला की सहसा अडत नाही. अडते ते बारीक तपशिलांत.

सातबाऱ्यावर नाव 'बालाजी', आधारवर 'बालाजीराव' आणि पासबुकात फक्त आद्याक्षर, असे असेल तर अर्ज देण्याआधी आधार किंवा बँकेतली नोंद दुरुस्त करून घ्या. शेत वडिलांच्या किंवा भावांच्या सामाईक नावावर असेल, तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र जोडा. त्यात गट क्रमांक आणि 'मधपेट्या ठेवण्यास हरकत नाही' हे वाक्य हवेच. जिल्ह्यांची नावे सप्टेंबर 2023 मध्ये बदलली, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असे दिसते. अर्जात आजचे नाव लिहा. जुन्या दाखल्यावर पेनाने खाडाखोड करून दुरुस्ती मात्र करू नका, त्या खाडाखोडीनेच दाखला बाद ठरतो.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पोचेवर आवक क्रमांक नसेल तर नंतर पाठपुरावा कशाच्या आधारे करणार?

बंधपत्र आधी, प्रशिक्षण नंतर, पेट्या शेवटी

निवड झाली की प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी बंधपत्र लिहून द्यावे लागते. प्रशिक्षण घेतल्यावर व्यवसाय सुरू करणे बंधनकारक आहे, हे त्याचे सार. मसुदा कार्यालयाकडून मिळतो. मुद्रांक किती रुपयांचा लागेल ते विचारूनच घ्या, कारण ऑक्टोबर 2024 पासून बऱ्याच दस्तांना 100 ऐवजी किमान 500 रुपयांचा मुद्रांक लागतो आणि चुकीचा घेतला तर तो वाया जातो. प्रशिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयामार्फत होते. ते बुडवून पेट्या मागता येत नाहीत आणि तसे मागूही नये. राणी कोणती, नर कोणता, पिल्ला कोठीत (राणी अंडी घालते त्या खालच्या कप्प्यात) पोळ्याच्या किती चौकटी ठेवायच्या हे हाताने केल्याशिवाय कळत नाही.

बाजारातून पेट्या आधी विकत घेऊन नंतर अनुदान मागणाऱ्यांना नकार मिळतो. कृषी विभागाच्या महाडीबीटी या ऑनलाइन अनुदान पोर्टलवरील फलोत्पादन अभियानातही मधुमक्षिका पालन हा घटक आहे. तिथे तर नियम आणखी काटेकोर : पूर्वसंमती मिळण्याआधीच्या तारखेचे बिल चालत नाही आणि बिल जीएसटीचेच लागते. तिथे शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी लागतो. नसेल तर आधी तो काढा. एकाच पेटीसाठी दोन योजनांतून पैसे मागू नका.

साहित्य ताब्यात घेताना यादी हातात धरून मोजा : पेटी (तळपाट, पिल्ला कोठी, मध कोठी, झाकण), चौकटी, राणी जाळी (राणीला मध कोठीत जाऊ न देणारी), मेणपत्रे, धूरयंत्र, बुरखा, हातमोजे, मध काढायचे मधयंत्र, स्टँड. वसाहत घेताना झाकण उघडून बघितल्याशिवाय सही करू नका. राणी दिसली नाही तरी चौकटीच्या घरात तळाशी उभी, तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी दिसायला हवीत. घरात एकच आणि मधोमध अंडे असेल तर राणी आहे. एका घरात दोन-तीन आणि भिंतीला चिकटलेली अंडी असतील तर ती बहुधा कामकरी माश्यांनी घातलेली असतात. अशी वसाहत परत करा.

आपल्या सपाट, उष्ण भागात सातेरी ही देशी माशी ताण आला की चटकन पेटी सोडते. मेलिफेरा ही विदेशी माशी जास्त टिकते, मध जास्त देते, पण खातेही जास्त; फुले नसलेल्या महिन्यांत तिला साखरेचा पाक द्यावाच लागतो. तो खर्च अर्जाच्या हिशेबात कुठेच नसतो, म्हणून आपल्या वहीत आधीच धरा. पेट्या झाडाच्या सावलीत, जवळ पाणी असेल अशा जागी ठेवा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या चढतात. रिकाम्या चौकटी पडून राहिल्या तर मेणकिडा (मेण खाणारी अळी) लागतो. शेजारच्या शेतात फवारणी असेल तर आदल्या रात्री दार बंद करून पेटीला ओले गोणपाट लावायचे, हवा खेळती ठेवायची आणि शेजाऱ्याला संध्याकाळी फवारायची विनंती करायची. म्हणूनच त्याचा फोन नंबर हवा. पेट्या दुसऱ्याच्या रानात, सूर्यफुलाला किंवा कांदा बीजोत्पादनाला नेत असाल तर साध्या कागदावर का होईना, मालकाची संमती, कालावधी आणि भाडे कोणी कोणाला द्यायचे हे लिहून घ्या.

राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर आपली नोंदणी करून ठेवणेही हिताचे. सल्ल्यासाठी खरपुडी, बदनापूर, खामगाव (जि. बीड), तुळजापूर, तोंडापूर, सगरोळी इथली कृषी विज्ञान केंद्रे आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळ आहे.

मध विकताना

पेटीचा अर्ज मंजूर झाला म्हणजे मध विकायचा परवाना मिळाला, असा समज सर्रास आहे. तसे नाही. बाटलीत भरून विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी लागते. वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवरची साधी नोंदणी पुरते. शुल्क वर्षाला 100 रुपये, कागद म्हणजे फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. 100 रुपयांच्या या कामासाठी एजंटला दोन-तीन हजार देण्याची गरज नाही, घरातले शिकलेले पोर मोबाईलवर करून देते. खाद्यप्रकार निवडताना मध हा 'गोडी आणणारे पदार्थ' या गटात येतो. मिठाई निवडलीत तर अर्ज परत येतो.

पॅक केलेल्या मालासाठी वैधमापन शास्त्र (वजन-मापे) विभागाकडेही पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांच्या आत अर्ज, शुल्क 500 रुपये. काटा शिक्का मारलेला हवा. पॅक करून लेबल लावलेल्या मधावर जीएसटी 5 टक्के आहे, पण उलाढाल 40 लाखांखाली असेल तर मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची होत नाही.

लेबलवर सगळ्यात जास्त चूक वजनाची होते. मध पाण्यापेक्षा जड असतो. 1 लिटर मध साधारण 1.4 किलो भरतो. 500 मिलीच्या बाटलीत मध सुमारे 700 ग्रॅम मावतो. बाटलीचा आकार लेबलवर वजन म्हणून छापला तर एकतर तुमचे नुकसान, नाहीतर तपासणीत दंड. निव्वळ वजन ग्रॅममध्ये लिहा. सोबत कमाल किंमत, प्रति ग्रॅम दर (500 ग्रॅम 300 रुपयांना असेल तर 0.60 रुपये), पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक, 14 अंकी अन्न नोंदणी क्रमांक, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, ही ओळही छापा. त्या वयात मधातल्या जिवाणूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

नमुना तपासणीत पाण्याचे प्रमाणही बघतात. मर्यादा 20 टक्के आहे. चौकटीतली तीन-चतुर्थांश घरे माश्यांनी मेणाने बंद केल्यावरच मध काढला तर तो सहसा या मर्यादेत बसतो. घाईने काढलेला मध आंबतो, बाटलीत फेस येतो आणि झाकण उडते. पाक दिलेल्या काळात मध कोठी बसवू नका. तो पाकच घरांत साठतो, मधात सुक्रोज, म्हणजे साधी साखर, वाढते (मर्यादा 5 टक्के) आणि भेसळीचा ठपका बसतो.

सूर्यफुलाचा मध थंडीत काही आठवड्यांतच दाणेदार होतो. 'साखर घातली' म्हणून गिऱ्हाईक बाटली परत आणते, तेव्हा हा त्या मधाचा स्वभाव आहे हे लेबलवर आधीच लिहिलेले बरे. पातळ करायचा असेल तर बाटली 40-45 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. थेट गॅसवर तापवला तर एचएमएफ (तापवलेल्या मधात तयार होणारे रसायन) वाढते, त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली की शुद्ध मधाचाही नमुना नापास होतो.