घडणीची कादंबरी : मुलग्यांच्या कथांतील प्रतीके आणि निरागसतेचा अंत

घडणीची कादंबरी : एखाद्या व्यक्तीचे, बहुधा मुलग्याचे, अजाण वयापासून जाणतेपणापर्यंतचे घडणे हाच जिचा मुख्य विषय असतो असा कादंबरीप्रकार. ‘बिल्डुंग्सरोमान’ या जर्मन संज्ञेसाठी मराठीत एकच शब्द रुळलेला नाही. जर्मन ‘बिल्डुंग’ या शब्दात शिक्षण, संस्कार आणि आकार देणे हे तिन्ही अर्थ आहेत, आणि त्याच्या मुळाशी ‘बिल्ड’ म्हणजे प्रतिमा हा शब्द आहे. मध्ययुगीन जर्मन गूढवाद्यांच्या लेखनात आत्म्यावर ईश्वराची प्रतिमा उमटणे अशा अर्थाने त्याचा वापर होई. मराठीतल्या ‘घडण’ या शब्दाला अशी धार्मिक पार्श्वभूमी नाही. तो सोनाराच्या दुकानातला आहे. मात्र दागिन्याची घडण म्हटली की घडणावळ, म्हणजे घडवण्याची किंमत, आलीच, आणि तेवढ्यापुरता हा शब्द मूळ जर्मन शब्दापेक्षा विषयाच्या अधिक जवळ जातो.

‘निरागसता’ या शब्दाबद्दलही थोडा खुलासा हवा. संस्कृत ‘आगस्’ म्हणजे अपराध. निरागस म्हणजे निरपराध. इंग्रजी प्रतिशब्दाचे लॅटिन मूळही ‘इजा न करणारा’ असेच आहे. प्रत्यक्षात या कादंबऱ्यांतली मुले पहिल्या प्रकरणापासून चोऱ्या करतात, खोटे बोलतात, कुणाला तरी छळतात. त्यांच्याकडून जाते ते निरपराधपण नव्हे, अजाणतेपण. ‘मला कळायला लागले तेव्हा’ किंवा ‘पोरगा कळता झाला’ असे आपण म्हणतो, त्यातली कळण्याची क्रिया इथे केंद्रस्थानी असते. समीक्षेत ‘निरागसतेचा अंत’ हा शब्दप्रयोग रूढ असल्यामुळे तो पुढे ठेवला आहे; अर्थ मात्र अजाणतेपणाचा अंत असाच घ्यावा.

संज्ञेचा उगम : ही संज्ञा जर्मन तत्त्वज्ञ व्हिल्हेल्म डिल्टाय याने घडवली, असे जुन्या संदर्भग्रंथांत दीर्घकाळ नोंदवले जाई. श्लायरमाखर या जर्मन धर्मचिंतकाच्या चरित्रात (१८७०) डिल्टायने जर्मन कवी-कादंबरीकार गटे याच्या ‘व्हिल्हेल्म माइस्टर’च्या परंपरेतल्या कादंबऱ्यांना हे नाव दिले आणि १९०६ मधल्या आपल्या निबंधसंग्रहात त्या कल्पनेचा विस्तार केला. शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे, याविषयी वाद नाही. तथापि १९६१ मध्ये फ्रिट्झ मार्टिनी या अभ्यासकाने दाखवून दिले, की कार्ल मॉर्गनश्टेर्न हा दोर्पात (आताच्या एस्टोनियातील तार्तू) विद्यापीठातला प्राध्यापक डिल्टायच्या किमान पन्नास वर्षे आधी हा शब्द वापरत होता. मॉर्गनश्टेर्नचे या प्रकाराच्या स्वरूपावरचे व्याख्यान १८१९ चे असून ते पुढच्या वर्षी छापले गेले. त्याच्या १८१० च्या सुमाराच्या व्याख्यानातही हा शब्द आलेला दिसतो. आज उगमाचे श्रेय मॉर्गनश्टेर्नला आणि प्रसाराचे डिल्टायला देण्याकडे कल आहे, आणि तोच ग्राह्य वाटतो.

हा वाद केवळ सनावळीचा नाही. मॉर्गनश्टेर्नच्या व्याख्येत नायकाच्या घडणीइतकेच महत्त्व वाचकाच्या घडणीला होते. डिल्टायने वाचकाला वगळले आणि नायकाच्या आंतरिक विकासावर, संघर्षातून शेवटी जगाशी साधणाऱ्या मेळावर भर दिला. त्यामुळे ज्या कादंबऱ्यांत मेळ साधतच नाही, त्यांचे काय करायचे हा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा उभा राहिला. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने तर सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत या मेळाची थट्टाच केली होती : जगाशी कितीही भांडला तरी नायक अखेर मुलगी आणि नोकरी मिळवतो, बायकापोरांत रमतो आणि चारचौघांसारखा होतो. पुढे इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती याने (१९८६) हा प्रकार आधुनिक युरोपचे प्रतीकात्मक रूप मानला. त्याच्या मते अस्वस्थ, गतिमान आणि तात्पुरते असे तारुण्य हेच आधुनिकतेचे चिन्ह होय.

पहिला नमुना कोणता, याविषयीही मतभेद आहेत. सर्वसाधारणपणे गटेच्या ‘व्हिल्हेल्म माइस्टर’ची शिकाऊ उमेदवारीची वर्षे सांगणाऱ्या १७९५–९६ च्या कादंबरीला हा मान दिला जातो, काही अभ्यासक जर्मन लेखक व्हीलांटच्या ‘आगाथोन’पर्यंत (१७६६–६७) मागे जातात. गटेच्या कादंबरीत व्हिल्हेल्म लहानपणी पाहिलेल्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाची आणि पडद्यामागे काय आहे ते पाहण्याच्या ओढीची हकिगत आपल्या प्रेयसीला सांगतो; ती ऐकता ऐकता झोपी जाते. पडद्याआड डोकावणारा मुलगा, ते फार उशिरा शब्दांत मांडणारा तरुण आणि झोपलेला श्रोता : या प्रकाराची पुढची सगळी सामग्री या प्रसंगात आहे असे म्हणता येईल.

दीक्षाविधी आणि कादंबरी : विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकन समीक्षेत, या कथांकडे दीक्षेच्या, म्हणजे मुलाला मोठ्यांच्या जगात प्रवेश देणाऱ्या विधीच्या, अंगाने पाहण्याची पद्धत पडली. तिचा आधार आर्नोल्ड व्हान गेनेप या मानववंशशास्त्रज्ञाच्या १९०९ च्या ग्रंथातला संक्रमणविधींचा त्रिभाग आराखडा : वियोग, उंबरठ्यावरची अवस्था आणि पुनःप्रवेश. मराठी वाचकाला त्याचे उदाहरण दूर शोधायला नको. मुंजीत मातृभोजन होते. मुलगा आईबरोबर एका ताटात जेवतो. मग केस उतरतात, मौंजी बांधली जाते, आणि त्याच दिवशी तोच मुलगा ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत त्याच आईपुढे झोळी धरून उभा राहतो. वियोग इतक्या नेमकेपणाने दाखवणारे विधी थोडे. अर्थात हा संस्कार व्यवहारात काही जातींपुरताच राहिला, आणि मुलींना तर नव्हताच.

मॉर्डेकाय मार्कस या अमेरिकन समीक्षकाने १९६० मध्ये दीक्षाकथांचे तीन प्रकार पाडले : मुलाला उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडणाऱ्या, उंबरठा ओलांडायला लावून अधांतरी ठेवणाऱ्या आणि निश्चित जाणतेपणापर्यंत पोचवणाऱ्या. डिल्टायची व्याख्या यांतल्या तिसऱ्यालाच लागू पडते. वाचकाच्या लक्षात राहतात त्या बहुतेक कादंबऱ्या मात्र दुसऱ्या प्रकारातल्या आहेत.

प्रतीकांचे स्वरूप : या कादंबऱ्यांतील प्रतीके बहुधा हातात मावणाऱ्या वस्तू असतात. मुलगा ती वस्तू आधी हाताळतो, लपवतो, फेकतो. तिचा अर्थ त्याला, किंवा मोठेपणी कथा सांगणाऱ्या त्याच्याच आवाजाला, मागाहून कळतो. वस्तू हाती येणे आणि अर्थ कळणे यांतले अंतर म्हणजेच कादंबरीची लांबी.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधली (१८६०–६१) कानस हे याचे उत्तम उदाहरण आहे. पिप हा पोरका मुलगा पळून आलेल्या कैद्यासाठी घरातून खाणे आणि लोहार असलेल्या मेहुण्याच्या भात्यावरून कानस चोरतो. कैद्याला पायातली बेडी कापायची असते. काही वर्षांनी गावच्या गुत्त्यात एक अनोळखी माणूस सर्वांसमक्ष, पण फक्त पिपच्या लक्षात येईल अशा बेताने, तीच कानस पेल्यात घालून रम ढवळतो. कुणी काही बोलत नाही. पुढे पिपच्या बहिणीवर हल्ला होतो तो कापलेल्या बेडीने. मुलाला एवढेच कळते की त्याने दिलेली वस्तू कुठेतरी फिरते आहे. आपल्याला सभ्य गृहस्थ बनवणारा पैसाही त्याच कैद्याचा आहे, हे कळायला त्याला तारुण्य गाठावे लागते. याच कादंबरीतली थांबलेली घड्याळे आणि कुजलेला लग्नाचा केक अधिक प्रसिद्ध आहेत, पण ती दुसऱ्याच्या, मिस हॅविशॅमच्या, दुःखाची प्रतीके आहेत. पिपची स्वतःची म्हणावी ती कानस.

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये (१९५४) बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांना सापडलेला शंख सभेचे चिन्ह बनतो : ज्याच्या हाती शंख, त्याने बोलावे. उन्हापावसात त्याचा रंग उडत जातो आणि वरून लोटलेल्या शिळेखाली पिगी हा मुलगा मरतो त्याच क्षणी त्याचा चुरा होतो. ही कादंबरी आर. एम. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ (१८५८) या इंग्रज मुलांच्या साहसकथेला दिलेले उत्तर आहे. मराठी वाचकाला शंख देव्हाऱ्यातून आणि कुरुक्षेत्रावरून आधीच ओळखीचा असतो, त्यामुळे शाळकरी नियमातून हळूहळू मिळणारे पावित्र्य त्याच्या वाचनात सुरुवातीलाच हजर होते. हा किंचित तोटाच म्हणायचा.

कॉनरॅड रिक्टरची १९५३ ची ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ मराठीत जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रानातील प्रकाश’ या अनुवादामुळे आली. चौथ्या वर्षी पळवून नेलेला आणि अमेरिकन आदिवासींत अकरा वर्षे वाढलेला गोरा मुलगा तहानुसार परत पाठवला जातो. अखेरीस दोन्ही घरे तुटतात आणि तो नदीच्या उताराशी एकटा उरतो. येथे दीक्षेतला पुनःप्रवेश कुठेच नाही.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीत (१९२९) चोरीचा आळ अपूच्या बहिणीवर, दुर्गावर, येतो, सोन्याच्या कुंकवाच्या डबीवरून ती मार खाते. तिच्या मृत्यूनंतर गाव सोडण्याच्या वेळी धाकट्या अपूला घरातल्या एका मडक्यात ती डबी सापडते. तो ती बांबूच्या बनात भिरकावून देतो आणि कुणाला सांगत नाही. सत्यजित राय यांच्या चित्रपटात (१९५५) डबीच्या जागी माळ आहे आणि बनाच्या जागी तळे. पाण्यावरचे शेवाळ बाजूला होते आणि पुन्हा जुळून येते. चित्रपट पाहिलेले लोक कादंबरीतही माळच होती असे सांगतात. आगगाडीचेही तसेच : चित्रपटात दोघे मिळून गाडी पाहतात, कादंबरीत आजारी दुर्गा बरी झाल्यावर गाडी दाखव असे अपूला सांगते आणि ती पाहण्याआधीच मरते. कादंबरीतली रचना अधिक कठोर आहे.

मराठीतील परंपरा : साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली गेली. तिला कादंबरी म्हणावे की आठवणी, हा प्रश्न सुटलेला नाही. पण मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्र मित्रांना हकिगती सांगतो ही तिची चौकट घडणीच्या कादंबरीचीच आहे. ‘मुकी फुले’ या प्रकरणात, दुसऱ्यांच्या आधी फुले मिळावीत म्हणून कळ्याच तोडून नेणाऱ्या श्यामला आई त्या झाडावर फुलू द्याव्यात असे समजावते. न उमललेले तोडू नये हा अर्थ येथे आईच सांगून टाकते, त्यामुळे तो मुलाने शोधून काढायचा राहत नाही. प्रतीकापेक्षा दृष्टांताकडे झुकणारी ही रीत कीर्तनाच्या परंपरेशी जवळची आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) ती मोडली. नायक पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीने मरते, आणि तिथून पुढे ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ या त्याच्या लकबी केवळ विनोदी राहत नाहीत. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या १९५१ च्या कादंबरीशी तिची तुलना वारंवार झाली आहे. साम्य निवेदनाच्या सुरात आहे, आशयात फारसे नाही. प्रकाश नारायण संत यांचा लंपन ‘वनवास’ (१९९४) आणि पुढच्या तीन पुस्तकांत कथाकथांतून वाढतो. त्यांना एकसंध कादंबरी म्हणता येत नाही, तरी क्रमाने वाचल्यास घडणीची रेषा स्पष्ट दिसते. बेळगाव परिसरातल्या कानडी वळणाच्या मराठीत बोलणारा हा मुलगा भावना आवाक्याबाहेर गेली की भलतेच मोठे आकडे फेकतो. आकडा जितका अवाढव्य, तितके न कळलेले जास्त. वडिलांच्या मृत्यूच्या कथेपर्यंत वाचक ही सवय ओळखायला लागलेला असतो.

या साऱ्या चर्चेत एक गृहीत आहे : गमावण्याजोगे बालपण प्रत्येकाला मिळते. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) मुलाची झुंज शाळा टिकवण्यासाठी आहे, शेतातल्या राबणुकीविरुद्ध आणि बापाविरुद्ध. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आत्मकथन असल्याने या प्रकारात काटेकोरपणे बसत नाही, पण त्याची मांडणी येथे महत्त्वाची आहे. शिकलेला, नोकरदार दया पवार एका बाजूला आणि त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार दुसऱ्या बाजूला, दोघे एकच. जातीमुळे मुलाला सारे आधीच कळलेले असते, आणि जाणता झालेला माणूस तेच कळणे झाकू पाहतो. डिल्टायच्या आराखड्याची दिशाच इथे उलटी होते. इंग्रजीकडे वळलेल्या मराठी समीक्षेने या ग्रंथाचा विचार दलित साहित्य म्हणून पुष्कळ केला, घडणीची कादंबरी म्हणून त्या मानाने कमी.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची कथा आहे. तिच्यावरचा चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत अड्डा जमवतात. कादंबरी त्या इमारतीचे प्रतीक म्हणून कुठे नाव घेत नाही. मुले तिथे बसून मुलींविषयी बोलतात, एवढेच. शेवटी मुकुंदला आवडणारी शिरोडकर गाव सोडून गेलेली असते आणि दहावीचे वर्ष समोर असते.