सकाळचा खडखडाट दाखवायचाय? गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा

“सकाळी पहिला स्टार्ट मारला की दोन-तीन सेकंद खडखड होते, मग आपोआप थांबते. ऑईलचा लाल दिवापण उशिरा विझतो.” फोंड्यातल्या आमच्या गॅरेजमध्ये ही तक्रार सारखी येते. पण ती घेऊन येणारा ग्राहक म्हापशाहून किंवा सावर्ड्याहून तासभर गाडी चालवत येतो आणि तापलेल्या इंजिनाचं बॉनेट उघडून म्हणतो, ऐका. ऐकायचं काय? आवाज तर त्याच्या अंगणातच संपलेला असतो.

रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं. स्टार्ट मारल्यावर पंप ते ओढतो, फिल्टरमधून बेअरिंगांना देतो आणि सगळ्यात शेवटी वर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, पोचवतो. यात एखाद-दुसरा सेकंद जातोच. इंजिनातल्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालणारा असेल, तर तो भरेपर्यंत चेन सैल राहते आणि वाजते. ऑईल परत खाली उतरू नये म्हणून बऱ्याच फिल्टरांत एक रबरी झडप असते. डुप्लिकेट फिल्टरात ती नीट बसत नाही. बऱ्याचदा दुखणं एवढंच निघतं, आणि लोक मात्र इंजिन उघडायच्या तयारीने आलेले असतात.

एकदा इंजिन चाललं की ऑईलचे सगळे मार्ग भरतात. मग अर्धा तास बंद ठेवून पुन्हा स्टार्ट मारला तरी खरा प्रकार कळत नाही. म्हणून आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतो. इंजिन निवल्यावर ऑईलचा दिवा चालवणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी दाबाचं मीटर बसवतो आणि सकाळी पहिल्याच स्टार्टला काटा किती वेळात उठतो ते बघतो. एक रात्र गाडीविना काढायची म्हणून काही जण कुरकुरतात. पण अंदाजाने पंप बदलून नंतर फिल्टरच खराब होता असं कळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. गाडी ठेवायचे पैसे आम्ही घेत नाही. मीटर लावायची मजुरी घेतो, आणि पुढचं काम आमच्याकडे केलंत तर तीही बिलातून वजा करतो.

“दिवा तर विझतो, मग मीटर कशाला?” दिवा साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपासच विझतो. म्हणजे अगदी थोडा दाब आला तरी तो गप्प. ऑईल किती आहे हे तर तो सांगतच नाही, त्यासाठी डिपस्टिकच बघावी लागते.

येण्याआधी ऑईल बदलून येऊ नका. कोणीतरी सांगतं, घट्ट ऑईल घाल, आवाज जाईल. ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑईल सांगितलेल्या इंजिनात मग २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑईल पडतं. “गोव्यात कुठे बर्फ पडतो?” हा युक्तिवाद ठरलेला. बर्फ नाही पडत, पण ४० अंशांनाही ते ऑईल दुपटीहून जास्त घट्ट असतं. डिसेंबरातल्या सकाळी २० अंशांच्या आसपास त्याला वर चढायला आणखी वेळ लागतो. मीटरवर दाब मात्र भरपूर दिसतो, आणि तिथेच फसगत होते. शिवाय मूळ दोष झाकला गेल्यामुळे आमचीही तपासणी वाया जाते.

ज्यांच्या गाडीत ऑईलचं मीटर आहे त्यांनी सकाळी काटा वर आणि गाडी तापल्यावर खाली दिसला म्हणून घाबरू नये. गार ऑईल घट्ट, म्हणून दाब जास्त. पण अनमोड घाट चढून आल्यावर सिग्नलला दिवा लुकलुकत असेल तर ती तक्रार उलटी आहे. ती गाडी गरमच आणा, कारण दुबळा पंप किंवा झिजलेली बेअरिंगं गार इंजिनात लपून जातात.

दिवा विझतच नसेल किंवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन लगेच बंद करा आणि फोन करा. आम्ही गाडी उचलून आणतो. “जवळच होतो म्हणून चालवत आणली” हे वाक्य फार महाग पडतं.

रोज सकाळी स्टार्ट मारल्या मारल्या रेस देऊ नका, आणि दहा मिनिटं उभी करून तापवूही नका. दिवा विझला की सावकाश निघा. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या मंडळींच्या घरी गाडी आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करायची पद्धत आहे. तेवढ्यात इंजिन तापत नाही, नुसतं पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्ये मिसळतं. वीसेक मिनिटं फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. महिनोन्महिने उभी असलेली गाडी गणेश चवथीला बाहेर काढायची असेल तर स्टार्ट मारण्याआधी कळवा, आमचा माणूस घरी येऊन ऑईल बघून जाईल.

गाडी संध्याकाळी सहाच्या आत आणून चावी द्या. शनिवारी ठेवलेली गाडी आम्ही सोमवारी सकाळी बघतो. घाई नसेल तर शनिवारच निवडा, जास्त वेळ उभी राहिलेली गाडी दोष जास्त स्पष्ट दाखवते.