यात स्टिरॉइड आहे का?

ठाण्यात, नौपाड्यातल्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी गर्दी असते. चिठ्ठी पुढे करणाऱ्यांत एखादा तरी काउंटरवर थोडा वाकून हळू आवाजात विचारतो, “यात स्टिरॉइड आहे का हो?” दुकानदार होकारार्थी मान हलवतो. गिऱ्हाईक पैसे देतं, गोळ्या घेतं, पण त्यातल्या निम्म्या पोटात जाणार नाहीत हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. मीही बरीच वर्षं त्यांच्यातलीच होते. मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, आणि रोज सकाळी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची ५ मिलिग्रॅमची एक गोळी आहे. तिची आपल्याकडे जी धास्ती आहे ती उगाच नाही, तिला सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे. फक्त त्यातला अर्धाच आपल्यापर्यंत पोचला.

सुरुवात काविळीपासून होते. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांकडे आमवाताचा एक रुग्ण होता. त्याला कावीळ झाली आणि कावीळ असेपर्यंत त्याचे सांधे चक्क मोकळे झाले. पुढे हेंचना असे आणखी रुग्ण दिसले. गरोदर बायकांचंही दुखणं थांबायचं आणि बाळंतपणानंतर पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे हा आजार परत फिरू शकतो, आणि त्याला फिरवणारं काहीतरी शरीरातच आहे. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘एक्स’ म्हटलं. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून एकेक रसायन वेगळं करून त्यांना अक्षरं देत होते. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये टाडेयूश राइखश्टाइन हेच काम स्वतंत्रपणे करत होते. हेंच यांचा एक्स म्हणजे केंडल यांचं ‘ई’ असावं असा तर्क झाला खरा, पण इंजेक्शन देण्याइतकं ‘ई’ कुणाकडेच नव्हतं. मर्क कंपनीने ते बैलाच्या पित्तापासून, तीसहून अधिक टप्प्यांनी, चिमूटभर तयार केलं. त्यालाच पुढे कॉर्टिसोन नाव मिळालं.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी ते पहिल्यांदा टोचलं गेलं. रुग्ण होती २९ वर्षांची बाई. आमवाताने जखडलेली, दवाखान्यात अंथरुणाला खिळलेली. दोनेक दिवसांत तिला कूस बदलता येऊ लागली आणि आठवड्याभरात ती गावात खरेदीला जाऊन आली. हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. सकाळी ब्रशवर पेस्ट काढताना बोटं वळत नाहीत तेव्हा काय वाटतं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या खरेदीचा अर्थ कळेल. १९४९ च्या वसंतात हे निष्कर्ष जगापुढे आले आणि १९५० मध्ये केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं. पहिल्या सुईपासून जेमतेम दोन वर्षांत.

पण तेव्हाचा डोस होता दिवसाला १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन, म्हणजे आजच्या हिशेबाने २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि तोही लांबत गेला. हळूहळू रुग्णांचे चेहरे गोल झाले, पोट सुटलं, कातडी पातळ झाली, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला. हे रूप डॉक्टरांना अनोळखी नव्हतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीर स्वतःच जास्त बनवू लागलं की काय होतं, ते हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये नोंदवून ठेवलं होतं. आपल्याकडची ‘तोंड सुजतं’वाली भीती त्या पहिल्या वर्षांतून आलेली आहे. ती खरीच आहे. माझ्या लग्नातल्या नि आताच्या फोटोंत ती दिसते.

राहिलेली अर्धी गोष्ट १९५२ ची. आमवाताचा एक चौतिशीतला रुग्ण कित्येक महिने कॉर्टिसोनवर होता. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या सुमारास कॉर्टिसोन थांबवलं गेलं. ऑपरेशननंतर त्याचा रक्तदाब कोसळला, तो काही केल्या वर आला नाही, आणि तो दगावला. शवविच्छेदनात दिसलं की त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकून गेल्या होत्या.

कारण समजायला सोपं आहे. घरी रोज बाहेरून डबा येऊ लागला की चूल पेटत नाही. वर्षभराने डबा एकाएकी बंद केला तर त्या दिवशी घर उपाशी राहतं. लाकडं ओली, काडेपेटी सापडत नाही. निरोगी शरीर रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसॉल बनवतं आणि ताप, अपघात, ऑपरेशन आलं की त्याच्या कितीतरी पट. चूल विझलेली असेल तर ही जास्तीची भाकरी कुठून येणार? म्हणून गोळी हळूहळू उतरवत आणायची, तापात डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट न बघता थेट दवाखाना गाठून इंजेक्शन घ्यायचं. हे सगळे नियम त्या मृत्यूनंतरच्या धड्यांतून आले.

स्वस्ताईची हकिगत वेगळीच आहे. सुरुवातीला कॉर्टिसोन ग्रॅममागे २०० डॉलर होतं. मेक्सिकोतल्या एका रानटी कंदातून कच्चा माल मिळू लागला आणि १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी सर्वांत अवघड टप्पा ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीकडून करून घेतला. किमती घसरल्या. तो कंद आपल्या करांद्याचा, कोनफळाचा चुलतभाऊ. दिवाळीच्या सुमारास जांभळी नाक्यावर करांदे दिसले की मला हे आठवतं. (करांदे खाऊन सांधे सुटत नाहीत. कंदातल्या द्रव्याचं स्टिरॉइड कारखान्यात होतं, पोटात नाही.) आणि ऱ्हायझोपस म्हणजे २०२१ मध्ये आपल्याकडे जिने थैमान घातलं त्या ‘काळ्या बुरशी’तलं मुख्य नाव. २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांत डेक्सामेथासोन या दुसऱ्या एका स्टिरॉइडच्या ६ मिलिग्रॅमने जीव वाचतात हे सिद्ध झालं होतं. पुढे ज्यांना गरज नव्हती त्यांनाही स्टिरॉइड दिली गेली, डोसही वाढले, साखरेकडे लक्ष राहिलं नाही. ज्या बुरशीने औषध स्वस्त केलं तीच त्या औषधाने दुबळ्या झालेल्या शरीरात शिरली.

प्रेडनिसोलोन १९५५ मध्ये आलं, कॉर्टिसोनपेक्षा चार-पाचपट जोरकस. १९५४ च्या एका ब्रिटिश चाचणीत वर्षभरानंतर कॉर्टिसोन आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांत फारसा फरक दिसला नव्हता; मग १९९५ मध्ये रोजच्या ७.५ मिलिग्रॅमने सांध्यांची झीज मंदावते असं दिसलं. लंबक असा हलत राहिला. आता युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला असा की मुख्य औषध लागू पडेपर्यंत पूल म्हणून स्टिरॉइड वापरावं आणि जमेल तितक्या लवकर थांबवावं. मुख्य औषध म्हणजे बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट. ते ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. माझा पूल मात्र अजून ओलांडून झालेला नाही. कमी केलं की गुडघे बोलतात.

राहता राहिला रोजचा प्रवास. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पहाटेनंतर सर्वांत जास्त असतं, म्हणून गोळीही सकाळीच, नाश्त्यानंतर. रात्री घेतली तर झोप उडते. पण आखडलेपणाही सकाळचाच. ऐरोलीच्या ऑफिसला जाताना ठाणे स्टेशनचा जिना कठड्याला धरून, एकेक पायरी करत चढावा लागतो. दिव्यांगांच्या डब्यात चढायला माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, आणि बाहेरून मी ठणठणीत दिसते. उलट गालांमुळे तब्येत सुधारल्यासारखीच.

तीन वर्षांपूर्वी गणपतीला चिपळूणला निघालो. वडखळला गाडी अडकली तेव्हा लक्षात आलं की गोळ्यांचा डबा ठाण्यात फ्रिजवरच राहिलाय. जाऊबाई म्हणाल्या, “दोन दिवस नाही घेतलीस तर काय होणारे? तेवढंच अंगातून स्टिरॉइड कमी होईल.” बोलणं मायेचंच होतं. मी १९५२ सांगत बसले नाही. फोनमध्ये चिठ्ठीचा फोटो होता, तो दाखवून चिपळूणच्या दुकानातून पट्टी घेतली.

तेव्हापासून एक पट्टी पर्समध्ये, एक मोठ्या बॅगेत. विमानाने जायचं असेल तर दोन्ही केबिन बॅगेत. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांजवळ स्टिरॉइडचं कार्ड असतं. आपल्याकडे मला कुणी दिलं नाही, म्हणून मुलीने पुठ्ठ्यावर लिहून दिलं. गोळीचं नाव, डोस, डॉक्टरांचा फोन, आणि मराठीत, हिंदीत, इंग्रजीत ‘अचानक बंद करू नये’. ते रेल्वेच्या पासच्या पाकिटात असतं. एकदा टीसीने पास मागितला तर आधी तेच बाहेर आलं. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, “बसा ना मॅडम.”

जागा कुठे होती?