चित्रपट व दृश्यमाध्यमांचे उत्तर-आधुनिक वाचन

चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिरात, फलक यांचा अर्थ उत्तर-आधुनिकतावादी (एकच अंतिम सत्य आणि अस्सल-नक्कल असे ठाम भेद यांवर शंका घेणाऱ्या) संकल्पनांच्या आधारे लावण्याची समीक्षापद्धती. मराठीत ‘आधुनिकोत्तर’ असाही पर्याय वापरला जातो.

संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. स्पॅनिश समीक्षक फेदेरिको दे ओनिस यांनी १९३४ मध्ये ‘पोस्टमॉडर्निस्मो’ हा शब्द योजला, पण तो काव्यातील एका प्रतिक्रियेपुरता. इतिहासकार टॉयन्बी यांनी तो इतिहासातील कालखंडाला लावला. वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ मध्ये आधुनिक वास्तुकलेच्या मृत्यूची वेळच देऊन टाकली : सेंट लुइस येथील प्रुइट-आयगो वसाहत पाडली तो १५ जुलै १९७२, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटे. प्रत्यक्षात पाडकाम त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाले होते, म्हणून ही वेळ वक्तृत्वाचा भाग मानावी. चित्रपटविचारापुरते फ्रेंच विचारवंत ल्योतार (१९७९) व बोद्रियार (१९८१) आणि अमेरिकन समीक्षक जेमसन (१९८४) यांच्या लेखनापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

जेमसन यांच्या मते पास्तिश म्हणजे जुन्या शैलीची अशी नक्कल, जिच्यात टवाळीचा हेतू उरलेला नसतो. कॅनेडियन समीक्षक लिंडा हचन यांना मात्र उत्तर-आधुनिक विडंबनात टीकेची धार दिसते. जालना-बीडकडच्या चौकातील वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हा फरक तपासता येतो. मध्यभागी गॉगल लावलेले ‘भाऊ’, मागे सिंह आणि वीज, दाक्षिणात्य मारधाडपटाच्या पोस्टरसारखी धातूची झाक असलेली अक्षरे, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या दोन रांगा. येथे सिनेमाची थट्टा नाही, ही पास्तिश. त्याच चौकटीत गल्लीतल्या कुत्र्याचा वाढदिवस छापला की जेमसन अपुरे पडतात, हचन लागू होतात.

बोद्रियार यांच्या प्रतिरूप-संकल्पनेसाठी (प्रतिरूप म्हणजे अस्सल-नक्कल हा भेदच पुसून टाकणारी प्रतिकृती) अजिंठ्याचे उदाहरण सहज सुचते, पण ते जपून वापरावे. त्यांनी फ्रान्समधील प्रागैतिहासिक चित्रांच्या लास्को गुहेचा दाखला दिला : मूळ गुहा बंद, जवळच हुबेहूब प्रतिकृती, आणि त्यामुळे दोन्ही सारख्याच कृत्रिम. फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात लेणी क्र. १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती आहेत. मूळ लेणी मात्र खुली आहेत. शिवाय येथे क्रम उलटाही झाला आहे. रॉबर्ट गिल यांनी लेण्यांतील चित्रांच्या केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालील कित्येक प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. नक्कल गेली, भिंत राहिली.

प्रत्यक्ष वाचनासाठी तीन-चार मिनिटांचा उतारा पुरतो. तो आधी आवाजासह, मग आवाज बंद करून, नंतर पडदा झाकून केवळ कानांनी घ्यावा. मग प्रत्येक शॉटला एक ओळ असा तक्ता करावा : क्रमांक, सेकंद, चौकट, ध्वनी, आणि कशाची आठवण करून दिली जाते ते. सरासरी चार सेकंदांचा शॉट धरल्यास तीन मिनिटांत ४५ ओळी होतात. शेवटच्या रकान्यात ‘जुना सिनेमा’ असे मोघम लिहू नये. पोशाख, ठेका, संवादाची लकब यांपैकी नेमके काय उचलले ते लिहावे. हा रकाना रिकामा राहिला तर आंतरसंहितीयतेचा (एका कलाकृतीत दुसरीचे संदर्भ गुंफलेले असण्याचा) दावा सोडून द्यावा.

प्रतही तपासावी लागते. यूट्यूबवर काही चित्रपट कॉपीराइटची तपासणी चुकवण्यासाठी आडवे उलटवून किंवा वेग बदलून चढवलेले असतात. अशा प्रतीत डावे-उजवे आणि सेकंद दोन्ही चुकतात. रुंद पडद्यासाठी घेतलेली चौकट टीव्हीवर कडेने कापली जाते, आणि कडेला उभे पात्र ‘जाणीवपूर्वक वगळले’ असा निष्कर्ष विद्यार्थी काढून मोकळे होतात.

ल्योतार यांचा महाकथनांवरील (प्रगती, मुक्ती यांसारख्या, साऱ्या इतिहासाला अर्थ देऊ पाहणाऱ्या मोठ्या कथनांवरील) अविश्वास येथे जसाच्या तसा लावणे अडचणीचे ठरते. बाबासाहेबांच्या प्रेरणेने औरंगाबादेत १९५० मध्ये सुरू झालेले महाविद्यालय (पुढचे मिलिंद), नामांतराचा लढा आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार या परंपरेत समता व मुक्ती ही संपलेली कथने नाहीत. त्यांवरील माहितीपटाला ‘अनेकांपैकी एक कथन’ ठरवणारे वाचन सत्तेचा प्रश्न बाजूला सारते. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर सिद्धांताकडे नाही.

ओटीटी मालिकांवरील मराठी लेखन अद्याप त्रोटक आहे.

लोककलांवर उत्तर-आधुनिकतेचा शिक्का मारण्याची हौसही आवरावी. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात सोंग घेणारा मध्येच प्रेक्षकांशी बोलतो, पण ते सोळाव्या शतकातले आहे. तेथे ‘आत्मनिर्देशी’ (आपण सोंग आहोत हे स्वतःच दाखवून देणारे) हा शब्द पुरेसा होतो.