कोल्हापूरची संध्याकाळ कुणी घडवली?

दिवेलागण झाली की कोल्हापुरात गंगावेशीच्या रस्त्याकडेला म्हशी येऊन उभ्या राहतात. मागे दुकानं, पुढे रहदारी. गवळी कास धुतो, पहिल्या धारा बाजूला सोडतो आणि चरवीत दूध वाजायला लागतं. भरला पेला तिथंच हातात येतो. दूध कोमट आणि दाट, वर बोटभर फेस. कुणी पोराला घेऊन आलेलं असतं, कुणी दुकान बंद करून घरी निघालेलं. दोन घोटांत पेला रिकामा होतो आणि माणूस पुढं चालू लागतो. या जागेला आम्ही दूध कट्टा म्हणतो.

बाहेरगावच्या पाहुण्याला हे नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही, म्हणूनच हे आलं कुठून असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ‘पंचगंगेचं पाणीच तसं’ म्हणून विषय संपवला जातो. पाण्याचा वाटा आहेच. पण दूध कट्टा, खासबागेचं कुस्ती मैदान, तांबडा-पांढरा रस्सा, पेठापेठांतलं फुटबॉल यांची मुळं शोधत गेलं की वाट तालमीपाशी येते, आणि तालमीमागे एका राजाने डोळसपणे घेतलेले निर्णय उभे असतात.

राजर्षी शाहू महाराजांच्या हाती २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार आला तेव्हा त्यांचं वय एकोणीस वर्षांचं होतं. अंगाने धिप्पाड, कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. मागासवर्गीयांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला, तो याच काळात. त्याच प्रवासात रोममधलं कलोसियम त्यांच्या नजरेत भरलं. आपल्या मल्लांसाठी असं मैदान हवं हा विचार घेऊन ते परतले, १९०७ मध्ये खासबागेचं काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये मैदान खुलं झालं. पहिली मोठी लढत झाली ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दिन या दोन पंजाबी मल्लांत. ती इमामबक्षने मारली.

खासबागेची खरी करामत तिच्या उतारात आहे. मधे हौदा आणि चहूबाजूंनी बशीसारखी चढत गेलेली जमीन. शेवटच्या रांगेत मातीवर बसलेल्या माणसालाही ढाक लागला की घिस्सा, कुठला डाव पडला हे नीट दिसतं. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मान काढावी लागत नाही. हौद्यातली लाल माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू मिसळून ती मुरवतात. अशी माती पायाला मऊ लागते, घाम शोषून घेते आणि खरचटलेल्या अंगाला बाधत नाही. मैदानापूर्वी पैलवान मूठभर माती उचलून कपाळाला लावतो, मग जोडीदाराच्या अंगावर टाकतो. ही सलामी पाहायलासुद्धा लोक वेळेआधी जाऊन बसतात.

मैदान बांधलं म्हणून मल्ल तयार होत नाहीत. त्यांना तालीम लागते, वस्ताद लागतो आणि खुराक लागतो. दरबाराने तिन्हींची सोय लावली. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी पुढं देशभर नाव कमावलं. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे (१९५९) शाहूपुरी तालमीत घडले, त्यांच्यामागोमाग १९६० मध्ये हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर मोतीबागेचे. पण माझं लक्ष वेधून घेतो तो खुराक. म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण असा हा रोजचा शिधा. तालमी पेठांच्या पोटात, म्हणून गवळ्यालाही म्हशी पेठेतच आणाव्या लागल्या. पैलवानाला पाणी न घातलेलं दूध डोळ्यांदेखत हवं असायचं, आणि शेजारपाजारच्यांनाही तेच हवंसं वाटू लागलं. दूध कट्टा असाच रुजला असावा, असं मला वाटतं.

या दुधामागे शेतीचंही गणित आहे. महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार वाढला. १९०९ मध्ये भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला, पण नदीकाठ उसाखाली गेला. ऊस आला की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे आले, आणि वाढं म्हणजे म्हशीची फुकटची वैरण. गुऱ्हाळ, गोठा आणि तालीम अशी साखळी जुळली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचा ‘गोकुळ’ हा ब्रँड आज मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचला आहे, त्याची जमीन ही अशी आधीच कसलेली होती. दिवाळीच्या पाडव्याला गवळीवाड्यांतल्या म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं बांधून रस्त्यावर येतात आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागे मालकाच्या हाकेसरशी धावतात. तो दिवस ज्याने पाहिला नाही त्याला म्हशीवर जीव लावणं काय असतं ते सांगून कळणार नाही.

शहराच्या खाण्यापिण्याचा इतिहास सांगताना एक हॉटेल मात्र बहुतेकजण विसरतात. मिसळीच्या आणि रश्शाच्या याद्यांत ते येत नाही, आणि मला त्याची खंत वाटते. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतले. पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली. त्या मदतीतून भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल निघालं. भर वस्तीत, स्वच्छ, चांगला चहा, तरी गिऱ्हाईक फिरकेना, कारण कप कुणाच्या हातून यायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग महाराज आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या दारात उभा करू लागले. गंगारामांना हाक मारून चहा मागवायचे, स्वतः घ्यायचे आणि गाडीत बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावायचे. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारणार कोण? आज उद्यमनगरात फाउंड्रीतला कामगार आणि कारखानदार एकाच बाकावर बसून मिसळीवर ‘कट वाढा’ म्हणतात, ब्रेडची स्लाइस त्यात बुडवतात. त्या बाकाची वाट भाऊसिंगजी रोडवरून आली आहे, हे शाळेत शिकवलं गेलं पाहिजे.

तांबडा-पांढऱ्याबद्दल फार सांगत नाही, तो विषय पुष्कळ चघळून झाला आहे. इतकंच, की हॉटेलांच्या पाट्यांवर तो झळकण्याच्या कितीतरी आधीपासून घरच्या जेवणातला आणि जत्रेतला होता. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून त्या पाण्याचे कलश पी-ढबाक या वाद्यांच्या ठेक्यावर टेंबलाई देवीला जातात, आणि दिवस सरता सरता गल्लीत मटणाचं जेवण होतं. पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, तांबड्यात भाकरी कुस्करायची. झणझणीत म्हणजे जिभेला पोळणारं, हा समज बाहेरच्यांचा. घरच्या रश्शात तिखटाआधी खोबरं-तीळ-खसखशीचं वाटण आणि कांदा-लसूण चटणीचा वास जाणवतो.

तालीम पुढं फक्त कुस्तीची राहिली नाही. ती पेठेचं घर झाली, तिथं गणपती बसू लागला, पुराच्या वेळी माणसं तिथूनच धावून जाऊ लागली आणि तिच्या नावाने फुटबॉलचे संघ निघाले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आज शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ उतरतात ते तालमींची नावं घेऊनच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात एका गावाची दुपार फुटबॉलला वाहिलेली असावी, याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

खासबागेला लागूनच महाराजांनी नाट्यगृहही बांधलं. १९१५ मध्ये सुरू झालेलं पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. एका भिंतीच्या अलीकडे शड्डू आणि पलीकडे नाट्यपद, असा शेजार दुसरीकडे क्वचितच असेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. खासबागेच्या व्यासपीठालाही झळ बसली. त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं रडत होती, आणि त्यांत नाटकवाल्यांइतकेच तालमीतले होते. नाट्यगृह होतं तसंच उभं राहावं ही मागणी दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाली आणि पुनर्बांधणीचं काम हाती घेण्यात आलं.

म्हशींच्या बाबतीत अशी मागणी अजून कुणी केलेली नाही. गोठ्यांच्या जागी इमारती येताहेत, गवळ्यांची पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात जाते आहे. महापालिकेने गंगावेशीत पाण्याची, निचऱ्याची आणि म्हशी बांधण्याची हक्काची सोय करून दिली तर तो कट्टा टिकेल. ते काम नाट्यगृहापेक्षा कितीतरी स्वस्तात होण्यासारखं आहे.